परदेशी विक्रेत्यांकडून सायकलचे स्वस्त सुटे भाग मागवावेत का?

प्रश्न: दोन चाके, गंगापूर रोड

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे पुढे तीन आणि मागे आठ गिअर असलेली हायब्रिड सायकल आहे. तिच्यावरून मी रोज सातपूर एमआयडीसीत कामाला जातो आणि रविवारी बहुतेक वेळा त्र्यंबकेश्वरपर्यंत जाऊन येतो. यंदाचा पावसाळा संपल्यावर सायकल धुऊन नीट पाहिली, तेव्हा बरेच भाग एकदमच थकल्याचे लक्षात आले. चढावर जोर लावला की चेन मागच्या चकत्यांचे दात सोडते, पॅडल मारताना बीबीतून (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पॅडलचे दांडे ज्या बेअरिंगवर फिरतात तो भाग) कडकड आवाज येतो आणि डिस्क ब्रेकचे पॅड अगदी पातळ झाले आहेत. याशिवाय पुढचा दिवा, बाटलीचा स्टँड आणि एक मल्टिटूल घ्यायचे आहे.

नाशिक शहरातल्या दोन-तीन दुकानांत चौकशी केली. काही भाग त्यांच्याकडे नव्हते, आणि जे होते त्यांचे भाव परदेशी संकेतस्थळांवर दिसणाऱ्या भावांच्या जवळजवळ दुप्पट होते. तिथे तीच कंपनी, तेच चित्र आणि निम्मी किंमत पाहिली की मन ओढले जाते. मला तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. यांतले कोणते भाग बाहेरून मागवणे शहाणपणाचे आहे, सीमाशुल्क वगैरे धरून खरी किंमत किती होते, आणि नकली माल कसा टाळावा? ज्यांनी असे भाग मागवून वापरले आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर: अंजनेरी

नमस्कार. भाव पाहण्याआधी मापे घ्यावीत, असे माझे ठाम मत आहे. परदेशातून आलेला भाग चुकीच्या मापाचा निघाला, तर तो परत पाठवण्याचा खर्च बहुधा त्या भागाच्या किमतीहून जास्त असतो आणि तो भाग कायमचा कपाटात पडून राहतो.

चेनपासून सुरुवात करा. स्टीलची इंचाची पट्टी घेऊन तिच्या शून्यावर चेनच्या एका पिनचा मध्य धरा आणि बारा इंचांच्या खुणेवर काय येते ते पाहा. नव्या चेनमध्ये तिथे बरोबर दुसऱ्या पिनचा मध्य येतो. तो १/१६ इंचाने पुढे सरकला असेल, तर चेन बदलण्याची वेळ झाली आहे आणि बहुधा नुसती चेन बदलून भागते. १/८ इंचापर्यंत सरकला असेल, तर त्या ताणलेल्या चेनने मागच्या चकत्यांचे दातही खाल्ले आहेत असे समजावे, कारण अशा झिजलेल्या दातांवर नवी चेन बसवली तर ती जोर लावताच उडी मारते. तुमच्या वर्णनावरून दोन्ही बदलावे लागतील असे दिसते. सहा, सात आणि आठ गिअरच्या सायकलींना एकाच रुंदीची चेन चालते. नऊ गिअरपासून पुढे ती अरुंद होत जाते, म्हणून ऑर्डर देताना गिअरचा आकडा नीट वाचावा.

त्यानंतर तुमच्याकडे कॅसेट आहे की फ्रीव्हील (मागच्या चकत्यांचा संच चाकाला बसवण्याचे हे दोन प्रकार), याची खात्री करून घ्या. परदेशातून मागवताना लोकांचे पैसे सर्वांत जास्त इथेच वाया जातात. मागचे चाक काढून चकत्या उलट्या फिरवा आणि मध्यभागी जी खाचांची कडी दिसते, जिच्यात पान्हा बसतो, तिच्याकडे पाहा. ती चकत्यांबरोबर फिरत असेल तर कॅसेट आहे. चकत्या फिरत असताना ती जागच्या जागी राहत असेल तर आट्यांवर बसवलेले फ्रीव्हील आहे. ही दोन्ही एकमेकांच्या जागी बसत नाहीत, आणि विक्रेते मात्र दोन्हींना सरसकट कॅसेट म्हणून टाकतात.

बीबीच्या बाबतीत आधी क्रँक, म्हणजे पॅडलचे दांडे, काढून एक्सलचे (त्यांना जोडणाऱ्या आसाचे) टोक पाहा. ते चौकोनी असेल तर फ्रेमच्या शेलची (बीबी ज्या नळीत बसते तिची) रुंदी मोजा, जी या वर्गातल्या सायकलींत बहुधा ६८ मिलिमीटर असते, आणि जुन्या बीबीच्या अंगावर छापलेली एक्सलची लांबी टिपून घ्या. ११३, ११८ आणि १२२.५ मिलिमीटर ही नेहमीची मापे आहेत. लांबी चुकली तर चेनची रेषा तिरपी होते आणि गिअर कितीही जुळवले तरी समाधान होत नाही. घरी खोलणार असाल तर ध्यानात ठेवा की चेनच्या बाजूचे आटे उलटे असतात. ती बाजू घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यावर सुटते.

आता काय कुठून घ्यावे याविषयी. मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: हा भाग चालत्या सायकलवर अचानक तुटला तर काय होईल? बाटलीचा स्टँड तुटला तर बाटली पडेल. मडगार्ड, सीटखालची पिशवी, हँडलच्या मुठी, मल्टिटूल या सर्व वस्तू स्वस्तात कुठूनही घ्याव्यात आणि मीही घेतो. पण हँडल, स्टेम (हँडल धरणारा भाग), सीटपोस्ट (सीटची दांडी), फोर्क (पुढचे चाक धरणारा चिमटा), क्रँक आणि ब्रेकशी संबंधित कोणतीही वस्तू अनोळखी विक्रेत्याकडून घेऊ नये. विशेषतः बिननावाचे किंवा नामांकित कंपनीचे नाव नुसते छापलेले कार्बनचे हँडल आणि सीटपोस्ट घेऊच नका. ॲल्युमिनियमचा भाग बहुधा आधी वाकतो किंवा त्याला चीर दिसते. कार्बनच्या आतले थर सुटलेले बाहेरून दिसत नाहीत आणि तो भाग एकदमच मोडतो. नांदुरीहून सप्तशृंगी गडाच्या घाटात उतरताना हातातले हँडल मोडले, तर वाचवलेल्या पैशांचा काही उपयोग नाही.

उत्तर: ओझरकर

मी अंबडमधल्या एका कारखान्याच्या आयात विभागात काम करतो, म्हणून फक्त पैशांच्या बाजूविषयी लिहितो.

आपण ज्याला परदेशी भाव म्हणतो, तो निम्माच भाव असतो. सीमाशुल्क वस्तूच्या छापील किमतीवर लागत नाही. किंमत, वाहतूक आणि विमा यांच्या बेरजेवर लागते. त्या बेरजेवर मूळ सीमाशुल्क, लागू असेल तिथे त्या शुल्कावर अधिभार, आणि मग या सगळ्यांच्या एकूण रकमेवर एकात्मिक जीएसटी, अशी ही चढती रचना आहे. दर अर्थसंकल्पागणिक बदलतात, त्यामुळे ते ऑर्डरच्या दिवशीच तपासावेत. समजण्यापुरते उदाहरण द्यायचे तर १५०० रुपयांची कॅसेट आणि ६०० रुपये वाहतूक धरली, तर शुल्क २१०० रुपयांवर मोजले जाईल. सर्व कर मिळून ४० टक्के झाले असे गृहीत धरले, तर ८४० रुपये वाढतात. परकीय चलनात पैसे भरल्याबद्दल कार्डाची बँक बहुधा दोन ते साडेतीन टक्के आकारते आणि त्या आकारावर १८ टक्के जीएसटी घेते, म्हणजे आणखी साधारण ५० ते ८७ रुपये. कुरिअरने माल आला तर शुल्क तुमच्या वतीने भरल्याबद्दल कंपनी वेगळी रक्कम लावते, आणि लहान पार्सलवर ती फार बोचते. अशा रीतीने दीड हजारांची वस्तू तीन हजारांच्या वर जाते आणि दुकानदाराचा दुप्पट वाटणारा भाव तिथेच येऊन ठेपतो. एकाच पार्सलमध्ये तीन-चार वस्तू मागवल्या तर वाहतूक आणि कुरिअरचा आकार विभागला जातो आणि गणित थोडे सुधारते.

भेटवस्तू म्हणून पाठवायला सांगा, असा सल्ला अजूनही अनेकजण देतात. तो मुळीच ऐकू नका. पूर्वी ५००० रुपयांपर्यंतच्या भेटवस्तूंना सवलत होती. डिसेंबर २०१९ मध्ये टपाल आणि कुरिअरने भेट म्हणून येणाऱ्या मालावर बंदी आली आणि त्यातून फक्त जीवरक्षक औषधे आणि राख्या वगळल्या गेल्या. चुकीची घोषणा असलेले पार्सल जप्त होऊ शकते. किंमत कमी दाखवण्याविषयीही हेच.

चीनमधल्या ज्या मोठ्या संकेतस्थळावरून पूर्वी सगळे सायकलवाले माल मागवत असत, ते अलीएक्सप्रेस नोव्हेंबर २०२० मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ अ खाली इतर ४२ ॲपसह भारतात बंद करण्यात आले. आडवाटेने तिथून काही मागवू नये. ब्रिटनमधल्या विगल आणि चेन रिॲक्शन या दुकानांवरही अनेकांची भिस्त होती. तो व्यवसाय २०२३ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला. त्यामुळे जुन्या चर्चांमधले सल्ले वाचताना त्यांची तारीख आवर्जून पाहावी.

साध्या टपालाने माल आला तर तो बहुधा मुंबईच्या बॅलार्ड इस्टेटमधल्या विदेश डाक कार्यालयातून पुढे येतो. पार्सलच्या तेरा अक्षरी क्रमांकातली शेवटची दोन अक्षरे ते कोणत्या देशातून निघाले हे सांगतात. विक्रेता माल युरोपातून पाठवतो असे म्हणत असेल आणि क्रमांकाच्या शेवटी दुसऱ्याच देशाची अक्षरे असतील, तर पैसे परत मागण्याची मुदत संपण्यापूर्वी सावध व्हावे. ओळखपत्राची मागणी आली तर ती खऱ्या कुरिअर कंपनीचीच आहे याची खात्री करून मगच कागद द्यावेत.

आणखी एक गोष्ट, जी किमतीच्या तक्त्यात दिसत नाही. भारतातल्या ई-कॉमर्स विक्रेत्याला २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार मालाचा मूळ देश आणि आयातदाराची माहिती द्यावी लागते, आणि फसवणूक झाली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. परदेशातल्या विक्रेत्यावर नाशिकच्या ग्राहक आयोगातून दाद मागणे व्यवहारात जवळजवळ अशक्य आहे. तिथे तुमच्या हाती त्या संकेतस्थळाची तक्रारीची मुदत आणि कार्डाच्या बँकेकडे केलेला अर्ज एवढेच असते, म्हणून पार्सल उघडतानाचे सलग चित्रीकरण जरूर करून ठेवावे.

उत्तर: पंचवटीतला मिस्त्री

सर्वांना नमस्कार. माझे दुरुस्तीचे छोटे दुकान आहे. ग्राहक बाहेरून माल मागवतात याचा मला राग नाही आणि त्यांनी आणलेला भाग मी बसवूनही देतो. फक्त त्या भागाची हमी मी घेऊ शकत नाही, एवढे आधी स्पष्ट सांगतो. २०१५ साली आपल्या नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी रेस ॲक्रॉस अमेरिका पूर्ण केली, त्यानंतर इथे चांगल्या सायकली घेणारे खूप वाढले, पण त्या सायकलींचे भाग ठेवणारी दुकाने त्या मानाने वाढली नाहीत, हे मला मान्य आहे. महाग कॅसेटचे चार-पाच प्रकार आणून ठेवायचे, तर पैसा महिनोन्महिने अडकून पडतो. लुधियानाचा माल मुबलक मिळतो आणि साध्या सायकलींसाठी तो उत्तम आहे, पण इंडेक्स गिअरच्या (एकेका टप्प्याने बदलणाऱ्या गिअरच्या) चेन आणि कॅसेटसाठी आम्हालाही मुंबई-पुण्याकडून मागवावे लागते.

नकली चेनविषयी लिहितो, कारण ती मी जवळून पाहिली आहे. एका ग्राहकाने नामांकित कंपनीच्या नावाची चेन बाहेरून मागवून आणली होती. खोका अगदी हुबेहूब होता. काही दिवसांनी चढावर ती तुटली, तेव्हा मी ती भिंगाखाली पाहिली. खऱ्या चेनमध्ये पिनचे टोक ठोकून चारही बाजूंनी सारखे पसरवलेले असते, त्यामुळे बाहेरची पट्टी पिनवरून निसटत नाही. या चेनमध्ये काही पिनांची टोके नुसती सपाट होती, काहींची एकाच बाजूला फुगलेली होती, आणि पट्टी त्यांच्यावरून सरळ निघून आली होती. पट्टीवर कोरलेली अक्षरेही एका दुव्यावर खोल आणि दुसऱ्यावर पुसट होती. हे फोटोवरून कधीच कळत नाही. त्यामुळे चेन, कॅसेट आणि ब्रेक पॅड अधिकृत आयातदाराचे नाव असलेल्या खोक्यातच घ्या, मग ते माझ्याकडून घ्या किंवा दुसऱ्या कोणाकडून.

बेअरिंगसाठी तर परदेशात पाहण्याची गरजच नाही. अलीकडच्या अनेक हबमध्ये (चाकाच्या मध्यभागातल्या तुंब्यात) सुटे छर्रे नसून बंद बेअरिंग असते आणि त्याच्या कडेवर ६००१, ६००० किंवा ६९०२ असा क्रमांक असतो. हे क्रमांक जगभर एकच माप सांगतात. ६००१ म्हणजे आतला व्यास १२, बाहेरचा २८ आणि जाडी ८ मिलिमीटर. आपण औद्योगिक वसाहतीच्या शहरात राहतो. सातपूर-अंबडकडच्या बेअरिंगच्या दुकानात जुने बेअरिंग दाखवा, दोन्ही बाजूंना रबरी सील असलेले मागा, आणि नामांकित कंपनीचे अस्सल बेअरिंग त्याच दिवशी हातात पडेल. सायकलचे म्हणून जे बेअरिंग परदेशी विक्रेते विकतात, ते पुष्कळदा हेच असते आणि दर्जाने याहून हलके असते.

दोन चाके, गंगापूर रोड

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिलेत, त्याबद्दल आभारी आहे. सांगितल्याप्रमाणे मापे घेतली. चेन १/८ इंचाच्याही पुढे गेली आहे. मागे कॅसेटच आहे, खाचांची कडी चकत्यांबरोबर फिरते. बीबीच्या अंगावर ६८ आणि १२२.५ असे आकडे आहेत. ब्रेक हायड्रॉलिक असून कॅलिपरवर (पॅड धरणाऱ्या भागावर) शिमानो एमटी२०० असे लिहिले आहे. आता दोनच शंका उरल्या आहेत. परदेशी संकेतस्थळावर धातूमिश्रित पॅड रेझिनच्या पॅडपेक्षा स्वस्त मिळत आहेत आणि ते पावसात जास्त टिकतात असे म्हणतात, ते घ्यावेत का? आणि दहा हजार ल्युमेनचा (ल्युमेन म्हणजे प्रकाशाचे माप), ९९०० एमएएच (साठवणक्षमतेचे माप) बॅटरीचा दिवा अगदी थोडक्या किमतीत दिसतो, त्यावर विश्वास ठेवावा का?

उत्तर: घाटवाट

दिव्यावर मुळीच विश्वास ठेवू नका. या दिव्यांत १८६५० प्रकारचा लिथियम सेल असतो. हा आकडा सेलचे माप आहे, १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबी. एवढ्या आकाराच्या चांगल्या कंपनीच्या सेलची क्षमताही साधारण ३५०० एमएएचच्या आसपास थांबते. ज्या विक्रेत्याने सेलवर ९९०० छापले आहे, त्याने ल्युमेनचा आकडाही तसाच छापलेला असणार. थोडा हिशेब केला तरी हे उघड होते. साधारण ३००० एमएएचच्या एका सेलमध्ये ११ वॉट-तासांइतकी ऊर्जा असते आणि चांगली एलईडी एका वॉटमध्ये १०० ते १३० ल्युमेनच्या घरात प्रकाश देते. म्हणजे ८०० ल्युमेनचा खरा दिवासुद्धा एका सेलवर दीड तासाच्या आसपासच चालेल. दहा हजार ल्युमेनला लागणारी वीज त्या सेलमधून निघूच शकत नाही.

मला खरी काळजी आगीची वाटते. हलक्या सेलमध्ये आणि त्याच्या चार्जरमध्ये संरक्षण देणारे सर्किट असेलच असे नाही, आणि आपण तो दिवा रात्रभर घरात चार्जिंगला लावून झोपतो. शिवाय विमानाने जाणाऱ्या टपालात लिथियम बॅटरीवर कडक निर्बंध आहेत, त्यामुळे काही विक्रेते पार्सलवर भलतेच नाव लिहितात आणि ते अडकले की तुमची बाजू लंगडी पडते.

रात्री त्र्यंबक रस्त्याने येणार असाल तर ल्युमेनच्या आकड्यापेक्षा प्रकाशाच्या झोताचा आकार पाहा. जर्मनीच्या वाहतूक नियमांनुसार बनवलेल्या दिव्यांचा झोत वरून सपाट कापलेला असतो, मोटारीच्या डिपरसारखा, त्यामुळे प्रकाश रस्त्यावर पडतो आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जात नाही. असा ३००-४०० ल्युमेनचा दिवा गोल झोताच्या कितीतरी तीव्र दिव्यापेक्षा उपयोगी ठरतो. त्याच्यासाठी थोडे जास्त पैसे मोजावे लागतात आणि ते मोजावेत.

हेल्मेटचा विषय कोणी काढला नाही म्हणून लिहितो. तेही बाहेरून मागवू नका. युरोपचे ईएन १०७८ किंवा अमेरिकेचे सीपीएससी हे सायकलच्या हेल्मेटचे मानक आहे. आपल्याकडचे आयएस ४१५१ हे मोटारसायकलच्या हेल्मेटसाठी आहे. पण नुसते लेबल कोणीही छापू शकतो. दुकानात जाऊन डोक्यावर घालून पाहावे, पट्टा न लावता मान हलवली तरी ते घसरत नाही ना हे तपासावे आणि पक्के बिल घ्यावे.

उत्तर: पंचवटीतला मिस्त्री

पॅडविषयी सांगतो. चाक काढून रोटरवर (ब्रेकचे पॅड ज्या धातूच्या चकतीला पकडतात तिच्यावर) काय कोरले आहे ते आधी वाचा. एमटी२०० बरोबर येणाऱ्या रोटरवर बहुधा फक्त रेझिन पॅड वापरावेत अशी इंग्रजी सूचना असते. तशी सूचना असेल तर धातूमिश्रित पॅड घेऊ नका, कारण त्या रोटरचे पोलाद तुलनेने मऊ असते आणि असे पॅड ते लवकर खातात. तुमच्या कॅलिपरला बी०५एस हा रेझिनचा पॅड बसतो. रोटरची जाडीही व्हर्नियरने मोजा. ती दीड मिलिमीटरपर्यंत आली असेल तर पॅडबरोबर रोटरही बदलावा लागेल. पॅडवरचा थर अर्ध्या मिलिमीटरपर्यंत उतरला असेल तर नवे पॅड येईपर्यंत सायकल बाहेर काढू नका.

ऑर्डरबद्दल म्हणाल, तर चेन, कॅसेट आणि बीबी भारतातल्या अधिकृत विक्रेत्याकडून एकत्र मागवा. तिन्हींचा प्रवासखर्च एकदाच लागेल. बाटलीचा स्टँड आणि मल्टिटूल तेवढे हवे तर बाहेरून घ्या, पण मल्टिटूलमध्ये चेन तोडायची पिन आहे ना, ते पाहून घ्या. बीबी काढायला खास पान्हा लागतो, तो एकदाच्या कामासाठी विकत घेण्यात अर्थ नाही. सायकल माझ्याकडे किंवा जवळच्या दुकानात न्या आणि आट्यांना ग्रीस लावूनच नवी बीबी बसवायला सांगा.

नवे पॅड बसवल्यावर रोटर स्पिरिटने पुसून घ्या आणि त्याला तेलाचा हात लागू देऊ नका. मग सपाट, मोकळ्या रस्त्यावर बऱ्यापैकी वेग घेऊन, चाक अडकू न देता ब्रेक दाबून सायकल जवळजवळ थांबेपर्यंत हळू करा आणि पुन्हा वेग घ्या. पुढच्या आणि मागच्या ब्रेकसाठी वेगवेगळे, वीसेक वेळा असे केले की पॅडचा पातळ थर रोटरवर सारखा बसतो आणि ब्रेकला पूर्ण पकड येते. हे झाल्याशिवाय सायकल घाटात नेऊ नका.